दुसऱ्या ग्लासात काय आहे?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग हमखास असतो. दोन काचेचे ग्लास, एकात व्हिनेगर, दुसऱ्यात पाणी. दोन्हींत अंड्याच्या कवचाचे तुकडे टाकतात. व्हिनेगरमध्ये लगेच बुडबुडे येतात, पाण्यात काहीच होत नाही. पोरगं पाठ केलेलं वाक्य म्हणतं, कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो, परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात.

पेट किंवा सेटची तयारी करणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, की पाण्याचा ग्लास तिथे कशासाठी ठेवलाय? बुडबुडे तर एकाच ग्लासात दिसणार होते. पाणी काढून टाकलं तर प्रयोगाचं काय बिघडतं?

'नियंत्रित गट', 'तुलनागट', 'कंट्रोल' हे शब्द आपल्याला पाठ असतात. संशोधन पद्धतीच्या पेपरात त्यावर दोन गुणांचा प्रश्नही येतो. पण दुसऱ्या ग्लासात काय ठेवायचं, कोणी ठरवायचं, आणि तिथे पाण्याऐवजी माणसं असतील तर काय, या प्रश्नांचा इतिहास आपण फारसा वाचत नाही. या लेखात तो व्हिनेगरच्या बाजूने सांगतो. सुरुवात फैजपूरपासून, कारण पाण्याबद्दलचा पहिला गैरसमज तिथेच दूर होतो.

फैजपूर म्हटलं की लोकांना १९३६ सालचं काँग्रेसचं अधिवेशन आठवतं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पण त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये या गावाची नोंद वेगळ्याच कारणासाठी आहे: सुती कापडावरची छपाई आणि निळीचे व लाखेचे रंग. आज गावात केळीचे ट्रक दिसतात, तेव्हा रंगाऱ्यांची घरं होती.

रंगाऱ्याच्या धंद्यात पाणी आणि आंबट पाणी यातला फरक ओळखता आलाच पाहिजे. लाखेचा रंग आंबटात नारिंगीकडे झुकणारा लाल येतो, खारात गेला की जांभळट होतो. नीळ साध्या पाण्यात विरघळत नाही आणि आंबटातही विरघळत नाही. तिला खाराचं, आंबवलेलं कुंड लागतं. तिथे ती पिवळट-हिरवी होऊन कापडात शिरते आणि हवा लागली की निळी होते. काळ्या रंगासाठी देशभरातले छपाईवाले गुळाच्या पाण्यात गंजलेलं भंगार लोखंड घालून ते पंधरा-वीस दिवस आंबवतात. गुळाचं आधी मद्य होतं, मग ॲसेटिक आम्ल होतं, म्हणजे व्हिनेगरच. ते आम्ल लोखंड खातं. तयार झालेलं पाणी हिरड्यात भिजवलेल्या कापडावर उमटवलं की काळा रंग पक्का बसतो. साध्या पाण्यात तेच लोखंड नुसतं गंजतं आणि तळाशी तांबडा गाळ बसतो. त्या गाळाने कापड डागाळतं, रंगत नाही.

म्हणजे प्रदर्शनातला 'खिळा व्हिनेगरमध्ये आणि खिळा पाण्यात' हा प्रयोग कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे, फक्त त्याला प्रयोग म्हटलं नाही. रॉबर्ट बॉईलने १६६४ साली रंगांवरचं पुस्तक काढलं. त्यात जांभळ्या व्हायोलेट फुलांचा पाक आम्लात लाल आणि खारात हिरवा होतो, हे त्याने पद्धतशीर मांडलं. रसायनशास्त्राच्या इतिहासात त्याचं नाव आलं, आणि ते योग्यच आहे. रंगाऱ्याला एक द्रव दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे हे माहीत होतं. बॉईलने त्यावरून कुठलाही अनोळखी द्रव तपासायची रीत केली.

आता गैरसमजाकडे येऊ. आपण 'पाणी' म्हणतो तेव्हा मनात असतं की यात काही नाही. फैजपूर, यावल, रावेर या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला असं सांगून बघा, हसेल. तिथलं बोअरचं पाणी जड असतं. ड्रिपच्या नळ्यांत क्षार बसतात, ड्रिपर बंद पडतात, मग ठराविक दिवसांनी नळ्यांमधून ॲसिड सोडून त्या मोकळ्या कराव्या लागतात. घरात पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर चढतो. तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे अंड्याचं कवच ज्याचं बनलंय त्याचाच.

हे लक्षात ठेवून प्रदर्शनातले दोन ग्लास पुन्हा बघा. व्हिनेगर कवच विरघळवतं. बोअरचं पाणी विरघळवत नाही, उलट उघडं ठेवलं तर त्यातला चुना थोडाफार खाली बसू शकतो. समजा तुम्ही आठ दिवसांनी दोन्हीकडच्या कवचांचं वजन केलंत आणि फरक काढलात. त्या फरकात व्हिनेगरने खाल्लेलं कवच आहे, आणि पाण्याने वाढवलेलं असेल तर तेही आहे. तुम्ही मात्र सगळा हिशोब व्हिनेगरच्या नावावर मांडाल. शिवाय व्हिनेगर पातळ करायला तेच जड पाणी वापरलंत तर त्यातले बायकार्बोनेट थोडं आम्ल आधीच खाऊन टाकतील. म्हणजे चूक दोन्ही ग्लासांत, आणि दोन वेगळ्या दिशांनी. उपाय फार खर्चिक नाही, बॅटरीत टाकायचं पाणी दुकानात मिळतं. पण आधी प्रश्न पडायला हवा.

दुसरी गोष्ट हळदीची. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद घ्या. एक तुकडा पाण्यात, एक व्हिनेगरमध्ये. दोन्ही पिवळेच राहतील. आता लिहा निष्कर्ष: 'पाणी आणि व्हिनेगर यांत फरक नाही.' कोणी मान्य करेल? हळद खाराला लाल होते (जुन्या पद्धतीचं कुंकू त्यावरच बनतं), आम्लाला ती ओळखतच नाही. तोच प्रयोग जास्वंदीच्या पाकळ्यांच्या अर्काने केला तर व्हिनेगरमध्ये लालभडक रंग येतो, पाण्यात येत नाही. फरक पहिल्यापासून होता, हळदीला तो दिसत नव्हता. हळदीचं हे 'नाही' लक्षात ठेवा, पुढे उस्मानाबादला ते पुन्हा भेटणार आहे.

तुलनेच्या इतिहासात व्हिनेगरची सगळ्यात प्रसिद्ध हजेरी समुद्रावरची आहे. २० मे १७४७, इंग्रजांचं सॅलिसबरी हे लढाऊ जहाज, आणि त्यावर स्कर्व्हीने आजारी खलाशी. हिरड्या सडतात, अंगावर डाग येतात, पायांतलं बळ जातं. जहाजाचा शल्यवैद्य जेम्स लिंड याने शक्य तितके सारखे दिसणारे बारा रुग्ण निवडले, एकाच जागी ठेवले, सगळ्यांना जेवण एकच दिलं. मग दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला रोज सायडर, एकीला पातळ केलेलं गंधकाम्ल, एकीला दिवसातून तीनदा दोन-दोन चमचे व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहाव्या जोडीला लसूण, मोहरी वगैरेंचं चाटण, आणि प्यायला चिंचेने आंबट केलेलं बार्लीचं पाणी. आपली चिंच तिथेही पोचली होती.

संत्री-लिंबूवाले सहा दिवसांत सुधारले. त्यांतला एक तर कामावर रुजू होण्याइतका बरा झाला. सायडरवाल्यांना थोडा फरक पडला. व्हिनेगर आणि समुद्राचं पाणी घेणाऱ्यांत पंधरवड्यानंतरही काही उल्लेखनीय बदल नव्हता.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथे थांबते: लिंबू जिंकलं. पण संशोधन शिकणाऱ्याने हरलेल्यांकडे बघावं. त्या काळी आम्ल हाच स्कर्व्हीवरचा उपाय मानला जाई. शरीर आतून सडतंय, आंबट पदार्थ सडणं थांबवतात, म्हणून आंबट द्या, असा तर्क. लोणचं टिकतं, मग खलाशीही टिकेल. लिंडच्या प्रयोगात गंधकाम्ल आंबट, व्हिनेगर आंबट, चिंचेचं पाणी आंबट, आणि लिंबूही आंबट. आंबटपणा हेच औषध असतं तर चौघांनी काम करायला हवं होतं. एकट्या लिंबाने केलं, म्हणजे जे काही आहे ते लिंबात आहे आणि आंबटपणाच्या बाहेर आहे.

इथे व्हिनेगरने काय काम केलं ते बघा. ते लिंबासारखंच आंबट, पण लिंबात जे 'आणखी काहीतरी' आहे ते नसलेलं. म्हणजे शाळेच्या प्रयोगात पाणी जे काम करतं ते सॅलिसबरीवर व्हिनेगरने केलं. आपण 'कंट्रोल' हा पदार्थ असल्यासारखं बोलतो, पण ती भूमिका आहे. कुठला प्रश्न विचारताय त्यावर ती कोणाला द्यायची हे ठरतं. 'द्रव दिल्याने बरं वाटतं का?' असा प्रश्न असता तर समुद्राचं पाणी पुरलं असतं. 'आंबटाने बरं वाटतं का?' याला व्हिनेगरच लागतं.

आणखी एक बारकावा. या जोड्यांना काही फरक पडला नाही हे सांगताना लिंड त्यांची तुलना जहाजावरच्या इतर रुग्णांशी करतो, ज्यांना पोट साफ ठेवण्यापुरतं आणि छातीला आराम पडण्यापुरतंच किरकोळ औषध मिळत होतं. म्हणजे बारा जणांच्या बाहेर एक सातवा, न मोजलेला गट होता. त्यात किती जण होते, ते किती आजारी होते, हे आपल्याला कळत नाही. आज असा प्रबंध दिलात तर गाईड पहिल्याच भेटीत विचारतील.

आणि लिंडला स्वतःला तरी आपल्या प्रयोगाचा अर्थ पुरता लागला का? माझ्या मते नाही. १७५३ साली त्याने ग्रंथ काढला, त्यात हा प्रयोग जेमतेम काही परिच्छेदांत आटोपलाय. बाकी शेकडो पानं जुनी मतं, हवा, ओलावा, पचन यांवर आहेत. पुढे त्याने फळांचा रस तापवून आटवून ठेवायची शिफारस केली. त्या आटवण्यात 'क' जीवनसत्त्वाचा मोठा भाग नष्ट होतो, पण 'क' जीवनसत्त्व हे नाव यायला अजून दीड शतकाहून जास्त वेळ होता. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस नियमित द्यायला १७९५ मध्ये सुरुवात केली, लिंडच्या मृत्यूनंतर वर्षभराने. बारा माणसांच्या प्रयोगापासून अठ्ठेचाळीस वर्षं.

आता महाराष्ट्रात येऊ. व्हिनेगरची तुलना इथे हजारोंच्या नव्हे, लाखांच्या संख्येत झालेली आहे, आणि आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांना ती माहीतच नाही.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एकदम होत नाही. आधी पेशींत बदल होतात, ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही आपोआप जातात, काही पुढे कर्करोग होतात. बदल दिसले तर छोट्या उपचाराने पुढचं टळतं. प्रश्न दिसण्याचा आहे. तपासणीत डॉक्टर तो भाग आधी मिठाच्या पाण्याने, म्हणजे सलाइनने पुसतात. तेव्हा बदललेल्या पेशी सहसा नजरेत येत नाहीत, सगळं गुलाबी दिसतं. मग ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल लावतात आणि साधारण मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशी जिथे दाटीने असतात तिथे पांढरा डाग उमटतो. या पेशींची केंद्रकं मोठी आणि प्रथिनांनी भरलेली असतात. आम्लाने ती प्रथिनं तात्पुरती गोळा होतात, उजेड आत न जाता परततो, आणि तो भाग पांढरा दिसतो. थोड्या वेळाने डाग ओसरतो. गरम दुधात व्हिनेगर घातलं की ते फाटतं, पाणी घातलं तर नुसतं पातळ होतं, तसलाच काहीसा प्रकार. हुबेहूब तोच नाही, पण घराणं एक.

किराणा दुकानातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ४ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. म्हणजे तपासणीचं द्रावण आणि चायनीजच्या गाडीवरची बाटली यांची तीव्रता जवळपास सारखी. म्हणूनच वर्तमानपत्रांनी हिला 'व्हिनेगर टेस्ट' म्हटलं. शास्त्रीय नाव 'व्हीआयए'. पॅप चाचणीला काचपट्टी, प्रयोगशाळा, पॅथॉलॉजिस्ट लागतात. व्हीआयएला आम्ल, कापूस, चांगला उजेड आणि शिकवलेला डोळा पुरतो. ज्या जिल्ह्यात पॅथॉलॉजिस्टच नाही तिथे हा फरक फार मोठा आहे.

पण 'पांढरा डाग दिसतो' आणि 'बायकांचे प्राण वाचतात' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं सलाइन आणि आम्लाच्या तुलनेने एका मिनिटात कळतं. दुसऱ्यासाठी वर्षं जातात, आणि दुसऱ्या ग्लासात माणसं ठेवावी लागतात.

भारतात असे तीन मोठे प्रयोग झाले. एक तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात, दोन महाराष्ट्रात. मुंबईचा प्रयोग टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केला. झोपडवस्त्यांचे २० समूह, ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया. तपासणीच्या गटात ७५,३६० आणि तुलनागटात ७६,१७८. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या. तुलनागटाला सुरुवातीला एकदा कर्करोगाविषयी माहिती दिली गेली, तपासणी नाही. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर तपासणी गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. २०१३ साली डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी अमेरिकेतल्या मोठ्या कर्करोग परिषदेत हा निकाल मांडला आणि जगभर बातमी झाली.

त्या मानाने उस्मानाबादचा (आताचा धाराशिव) प्रयोग सामान्य वाचकाला कमी ठाऊक आहे. मला विचाराल तर संशोधन शिकण्यासाठी तोच जास्त मोलाचा. १९९९ मध्ये सुरुवात, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियॉनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था एकत्र. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. इथे दोनऐवजी चार ग्लास होते: एका गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हीआयए, चौथ्याला प्रचलित सेवा, जी त्या भागात जवळपास नसल्यात जमा होती. तपासणी एकदाच. मग आठ वर्षं वाट पाहिली.

निकाल २००९ मध्ये छापून आला. या कर्करोगाने झालेले मृत्यू: एचपीव्ही गटात ३४, पॅप गटात ५४, व्हीआयए गटात ५६, तुलनागटात ६४. चारही गट साधारण एकसारखे, ३१ ते ३४ हजारांचे. एचपीव्ही चाचणीने मृत्यूची जोखीम जवळपास निम्म्यावर आणली. व्हीआयएचं गुणोत्तर ०.८६ आलं, आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.६० ते १.२५. म्हणजे चाळीस टक्के फायद्यापासून पंचवीस टक्के तोट्यापर्यंत काहीही असू शकतं.

इथे थोडं थांबू या, कारण विद्यार्थी नेमके इथेच घसरतात. 'उस्मानाबादने सिद्ध केलं की व्हिनेगर टेस्ट निरुपयोगी आहे', असं वाक्य मी सेमिनारमध्ये ऐकलंय. आकडे तसं म्हणत नाहीत. ०.६० ते १.२५ या पट्ट्यात मुंबईचा ०.६९ आरामात बसतो. दिंडिगुलचा ०.६५ सुद्धा बसतो. म्हणजे उस्मानाबादचा निकाल मुंबईच्या निकालाला खोटं पाडत नाही, तो एवढंच सांगतो की इथल्या आकड्यांवरून फायदा निश्चित करता आला नाही. 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' यांत तेवढंच अंतर आहे जेवढं हळदीत आणि जास्वंदीत.

मग फरक का आला असेल? सोपं उत्तर: मुंबईत चार फेऱ्या, उस्मानाबादला एकच. पटतं, पण दिंडिगुललाही एकच फेरी होती आणि तिथे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले होते. म्हणजे नुसत्या फेऱ्यांनी उत्तर पुरं होत नाही. दिंडिगुलला परिचारिका बऱ्याचदा त्याच भेटीत उपचारही करत होत्या, ते कारण असू शकतं. डोळ्याचा भाग तर आहेच. पॅपची काचपट्टी उरते, दुसरा माणूस ती पुन्हा तपासू शकतो. व्हिनेगरचा डाग काही मिनिटांत जातो आणि मागे उरतो फक्त बघणाऱ्या बाईचा शेरा. उस्मानाबादला व्हीआयएने सुमारे १४ टक्के स्त्रियांना 'पॉझिटिव्ह' ठरवलं, पॅपने ७ टक्के. एवढी माणसं पुढच्या तपासणीला पाठवून शेवटी हाती किती लागलं, हा प्रश्न उरतो.

आणि आता ते हळदीचं 'नाही'. ज्या स्त्रियांची चाचणी निगेटिव्ह आली, त्यांच्यातल्या किती जणींना पुढे कर्करोग झाला? दर लाख स्त्री-वर्षांमागे एचपीव्ही गटात ३.७, पॅप गटात १५.५, व्हीआयए गटात १६.०. प्रबंधातलं हे तक्त्याचं एक घर सगळ्या चर्चेपेक्षा जास्त सांगतं, असं मला वाटतं. व्हिनेगर लावून 'काही नाही' असं सांगून घरी पाठवलेल्या बाईची खात्री एचपीव्ही निगेटिव्ह बाईच्या खात्रीपेक्षा चौपटीने कच्ची होती. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिली चाचणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस केली, त्यामागे उस्मानाबादच्या बायकांचा हा आकडा मोठा आधार आहे. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून गेलेला पुरावा जिनिव्हापर्यंत पोचला, याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी लिहीत नाही.

आता चौथा ग्लास.

अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट डॉ. एरिक सुबा यांनी या तिन्ही प्रयोगांवर आक्षेप घेतला. पॅप तपासणीने मृत्यू घटतात हे कित्येक दशकं माहीत होतं. असं असताना सुमारे १ लाख ३८ हजार स्त्रियांना कुठलीच तपासणी न देता त्यांच्यात किती जणी मरतात हे मोजणं बरोबर आहे का? २०१४ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तिन्ही प्रयोगांच्या तुलनागटांतले किमान २५४ मृत्यू मोजून दाखवले. व्हीआयएची तुलना पॅपशी करा, 'काहीच नाही'शी कशाला, हा त्यांचा मुद्दा. संमती घेताना या स्त्रियांना पर्यायांची पुरेशी कल्पना दिली होती का, हाही प्रश्न होता.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी त्याच नियतकालिकात आपली बाजू मांडली. भारतात तेव्हा प्रचलित सेवा म्हणजे 'तपासणी नाही' हीच होती. देशभर पॅप राबवणं शक्य नव्हतं. आणि नवा उपाय सध्याच्या परिस्थितीपेक्षा बरा आहे का, हेच धोरण ठरवणाऱ्याला कळायला हवं असतं, त्यासाठी तुलना सध्याच्या परिस्थितीशीच व्हायला हवी.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू आपापल्या प्रश्नाला योग्य तुलनागट मागत आहेत. 'व्हीआयए ही पॅपइतकी चांगली आहे का?' याला पॅपचा ग्लास लागतो. 'व्हीआयए आणल्याने या जिल्ह्यात काही बदलेल का?' याला आजच्या परिस्थितीचा ग्लास लागतो. पण 'प्रचलित सेवा' हा शब्द मला खटकतो. फैजपूरच्या बोअरच्या पाण्याला 'साधं पाणी' म्हणण्यासारखा तो शब्द आहे. सेवा नसणं ही निसर्गाने दिलेली स्थिती नव्हती, कोणीतरी ती द्यायचं राहिलं होतं. उस्मानाबादला चार ग्लास असल्यामुळे दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच प्रयोगात मिळू शकली हे खरं, पण म्हणून ६४ हा आकडा हलका होत नाही. या मुद्द्यावर ठाम बाजू घेण्याआधी दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा. वाचताना पद्धतीच्या भागात तुलनागटाला नेमकं काय दिलं गेलं, ते शब्दशः उतरवून काढा. बहुतेकदा ते एखाद-दुसऱ्या वाक्यात आटोपलेलं असतं.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं गेलं की ही तपासणी कधी झाली आहे का. देशात 'हो' म्हणणाऱ्या १.९ टक्के होत्या.

एक तांत्रिक मुद्दा राहिला. मुंबईत बायका दीड लाख, पण चिठ्ठ्या टाकल्या गेल्या त्या २० समूहांच्या. उस्मानाबादला ५२ समूहांच्या. एका वस्तीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे दीड लाखाचं वजन दीड लाखाइतकं राहत नाही. ते किती कमी होतं आणि नमुना ठरवताना त्याचा हिशोब कसा धरायचा, हे गणित लांबलचक आहे. ते पुढच्या लेखात, कागद-पेन घेऊन.